भरावाखालचं पाणी

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, नामपूरला पाऊस पश्चिमेकडून येतो आणि इथवर पोचेपर्यंत त्याच्याकडे देण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मांगी-तुंगी या उंच माथ्यांनी त्याला आधीच रितं केलेलं असतं. आषाढात पश्चिमेचं आभाळ काळंभोर होतं, वाऱ्याला भिजल्या मातीचा वास येतो, लांबच्या डोंगरांवर पावसाचे पडदे हलताना दिसतात. आणि आमच्या बाजरीच्या पात्यांवर धूळ असते. ढगांची सावली तेवढी शिवारावरून सरकत मालेगावकडे निघून जाते.

त्या लांबच्या पावसाचा वाटा आमच्यापर्यंत मोसम नदी आणते. सेलबारी आणि डोलबारी या दोन रांगांच्या मधून ती उतरते आणि ताहाराबाद, जायखेडा, नामपूर अशी गावं मागे टाकत मालेगावकडे गिरणेला मिळायला जाते. नदीकाठच्या रानाला तिचा आधार आहे. पण नदी सोडून कोस-दोन कोस आत शिरलं की मुरमाड माळ लागतो, आणि तिथल्या नाल्यांना वर्षभरात मोजकेच तास पाणी असतं. एखाद्या दुपारी वळीव कोसळतो, नाला गढूळ पाण्यानं दुथडी भरून धावतो, बैलगाड्या अलीकडच्या काठावर थांबून राहतात. संध्याकाळी त्याच नाल्याच्या वाळूत पोरं खेळत असतात. एवढं पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे, असं वाटायला लावणारी ती घटकाभराची धावपळ. तिला थांबवायला इथल्या माणसांनी हाताशी होती तीच वस्तू घेतली. माती.

माळावरचं आमचं धरण असं आहे: दोन बुटक्या टेकड्या, त्यांच्या मधून जाणारा नाला आणि त्या खिंडीत आडवा घातलेला मातीचा भराव. लांबून तो टेकडीचाच भाग वाटतो. त्याच्या मागच्या उतारावर हरळी आणि कुसळी पसरली आहे, पाण्याकडच्या उतारावर काळे दगड रचलेले आहेत आणि एका टोकाला कातळ फोडून काढलेला सांडवा आहे. दरवाजे नाहीत, यंत्रं नाहीत, साधा विजेचा खांबही नाही. कालवासुद्धा नाही. सरकारी भाषेत हा पाझर तलाव. आमच्याकडे मात्र लहान-मोठं सगळं धरणच. या बाजूच्या गावोगावच्या शिवारांत असे भराव आहेत. त्यांच्यासाठी कोणी सहली काढत नाही, त्यांचे साठे वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. तरी बागलाणातल्या कोरडवाहू माणसाचं वर्ष कसं जाईल, हे बऱ्याच अंशी या भरावांच्या मागे ठरतं.

श्रावणात इथे एकमेकांना विचारायचा प्रश्न एकच असतो, आणि तो अहिराणीत विचारला जातो: ‘पानी उनं का?’ नाल्याला पूर आला की माणसं छत्री-घोंगडी घेऊन भरावावर जातात. पाणी दगडांच्या कितव्या ओळीला लागलं ते पाहतात, खांद्यावरचा टॉवेल पिळत परत येतात आणि पारावर सांगतात. ज्या वर्षी सांडव्यावरून पाणी पडतं त्या वर्षी बायका खण-नारळ घेऊन जातात आणि धरणाची ओटी भरतात. कानबाईच्या विसर्जनाला त्या वर्षी टाकीचं पाणी लागत नाही. पोळ्याच्या आधी बैल धरणात धुतले जातात; त्यांच्या पाठीवरून उतरलेली माती त्याच पाण्याच्या तळाशी जाऊन बसते. पाऊस सरला की धोबी पक्षी शेपटी हलवत काठावर उतरतो, मागून चक्रवाकांची जोडी येते आणि टिबुकल्या दिवसभर बुड्या मारत राहतात. मग पाणी उतरायला लागतं. काठावर ओलीच्या रेषा एकाखाली एक उमटतात. शिमग्यापर्यंत मधोमध डबकं उरतं, आणि वैशाखात तळाच्या गाळाला पडलेल्या भेगांत शेळ्यांच्या खुरांचे ठसे वाळून घट्ट झालेले असतात.

लहानपणी मला या उतरत्या पाण्याचं फार वाईट वाटायचं. एवढं पाणी कोणी उपसत नाही, कोणी पाटानं नेत नाही, तरी रोज बोटभर कमी होतं. थोडं ऊन नेतं, हे दिसत होतं. बाकीचं जमिनीत जातं हे कोणीतरी सांगितलं होतं. पण जमिनीत जाणं म्हणजे हरवणं असंच तेव्हा वाटे. या धरणाचं सगळं शहाणपण त्या जमिनीत जाण्यात आहे, हे कळायला मातीकडे नीट पाहावं लागलं.

मातीचा बांध म्हणजे नुसता ढीग नव्हे. आधी नाल्याच्या पात्रात, बांधाच्या मधल्या रेषेखाली, घट्ट थर लागेपर्यंत खंदक खोदतात आणि तो काळ्या चिकण मातीनं भरतात, म्हणजे पाणी बांधाच्या खालून वाट काढणार नाही. तीच काळी माती वर बांधाच्या पोटात नेतात. तो त्याचा गाभा. काळी माती पाणी धरते, पण ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तिला उघडी ठेवत नाहीत. तिच्या दोन्ही अंगांना मुरमाचं जाड आवरण घालतात. माती एकदम टाकत नाहीत. वीतभर थर पसरायचा, त्यावर बेतानं पाणी शिंपायचं, रूळ फिरवायचा, मग पुढचा थर. ओल कमी पडली तर माती बसत नाही, जास्त झाली तर चिखल होतो. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचं अस्तर, आणि मागच्या पायथ्याला दगडांची रास, म्हणजे भरावातून झिरपलेलं पाणी माती न घेता निथळून जाईल. सांडवा शक्य तर भरावात नसतो, बाजूच्या कठीण जमिनीत असतो. कारण दगडी धरणावरून पाणी वाहून गेलं तरी ते उभं राहू शकतं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की ते संपलं.

भराव घट्ट हवा आणि तलावाचा तळ सैल हवा, हे पाझर तलावाचं सूत्र आहे. ज्यानं पाणी अडवायचं त्यानं ते शक्यतो सोडू नये, आणि ज्याच्या अंगावर ते थांबतं त्यानं ते सावकाश पोटात घ्यावं. आमच्या घरचा माठ पाझरायचा म्हणून त्यातलं पाणी गार असायचं. न पाझरणाऱ्या हंड्यातलं पाणी दुपारी तोंडात धरवत नसे. पाझर तलाव त्या माठाच्या जातीचा. भरून ठेवण्यापेक्षा सोडत राहणं हे त्याचं काम.

आणि हे सगळं वाहिलं कोणी? १९७२च्या दुष्काळानं. त्या वर्षी पाऊस महाराष्ट्रावर रुसला. विहिरींचे तळ उघडे पडले, दावणीची जनावरं मिळेल त्या भावानं गेली, आणि गावंच्या गावं सरकारी कामांवर लोटली. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. कोणी खडी फोडली, कोणी रस्ते केले, कोणी नालाबांध घातले, कोणी पाझर तलाव बांधले. माझी आजी त्यांतली एक होती. जमीनवाल्या घरची सून डोक्यावर पाटी घेऊन रांगेत उभी राहिली, कारण त्या वर्षी जमीन असणं आणि नसणं यांत फरक उरला नव्हता. ती सांगायची की पाटीच्या ओझ्यापेक्षा उन्हाचा चटका सोसवत नसे. लहान पोरं लिंबाच्या सावलीत झोळीत असत, दुपारी सुकडी वाटली जाई, आणि घरी लाल मिलोची भाकरी, जी थापताना तुटायची. खोदलेल्या खड्ड्यांची मापं घेऊन मजुरी ठरे आणि शनिवारी हजेरीपटावर अंगठे उठत.

मी एकदा बसून हिशोब केला. दहा मीटर उंचीचा बांध, माथा चार मीटर रुंद, पाण्याकडचा उतार एकास तीन आणि मागचा एकास दोन धरला, तर पायथ्याची रुंदी ५४ मीटर होते. म्हणजे खोल भागात बांधाच्या प्रत्येक मीटर लांबीला २९० घनमीटर माती लागते. घट्ट बसलेली घनमीटर माती १,८०० किलोच्या घरात भरते आणि डोक्यावरच्या पाटीत फार तर २० किलो येते. एका मीटरला २६,००० पाट्या झाल्या. चार पावलांत माणूस दोन-अडीच मीटर पुढे जातो, आणि भरावाच्या खोल भागावर मी चार पावलं टाकतो तेव्हा माझ्या पायांखाली बायकांनी डोक्यावरून आणलेल्या ५० हजारांवर पाट्या असतात. या हिशोबानंतर भरावावर चालताना माझी चाल बदलली. त्या मातीत कोणाची नावं कोरलेली नाहीत. ज्यांनी ती वाहिली त्यांतल्या कित्येकींची धरणाखाली गुंठाभरही जमीन नव्हती. भिल्ल, कोकणा, दलित, कोरडवाहू कुणबी, सगळ्या जातींच्या बायकांनी एकमेकींच्या हातात पाटी दिली आणि दुष्काळ सरल्यावर त्या आपापल्या वाटेनं गेल्या. बांध मागे राहिला.

त्या उन्हाळ्यांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी मांडलेली ती कल्पना १९७७मध्ये कायद्यात आली, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाली, आणि पुढे २००५मध्ये देशानं तिच्या धर्तीवर कायदा केला. पण कामाच्या हक्काच्याही आधीचा एक विचार या मातीला आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा डोंगर-टेकड्यांवरून वाहून जाणारं पाणी आणि त्याबरोबर जाणारं सत्त्व जागेवर अडवावं, त्यासाठी जागोजाग ताली-बंधारे घालावेत, आणि ते काम फौज-पोलिसांतल्या शिपायांकडून करून घ्यावं, असं त्यांनी सरकारला सुचवलं होतं. राज्याच्या तिजोरीतला पैसा आणि राज्याची हुकमतीतली माणसं शेतकऱ्याच्या बांधावर यावीत, हे त्यांचं म्हणणं होतं. फौज आली नाही. नव्वद वर्षांनी उपाशी शेतकरी आणि मजूरच ते बंधारे घालायला आले.

मोसमच्या माथ्याशी, मुल्हेरच्या बाजूला, हरणबारीचं धरण आहे. तेही मातीचंच आहे, १९८०च्या सुमाराचं. त्याचा उपयुक्त साठा १,१६६ दशलक्ष घनफूट. एक दशलक्ष घनफूट म्हणजे दोन कोटी ८३ लाख लिटर. शेजारच्या आरम नदीवरचं केळझर ५७२ दशलक्ष घनफुटांचं, आणि खाली सगळ्या नद्यांचं पाणी गोळा करणारं गिरणा धरण १८,५०० दशलक्ष घनफुटांचं. हरणबारी भरलं की सगळं मोसमखोरं निश्वास टाकतं. उन्हाळ्यात त्याचं आवर्तन सुटलं की कोरड्या पात्रातून पाणी गावागावाच्या विहिरींपर्यंत येतं, आणि ते आपल्या गावाच्या पुढे सरकेपर्यंत माणसं रात्री नदीकाठी जागतात. या पाण्याचं मोल मी जाणतो. पण नदीचं पाणी नदीच्या वाटेनं जातं आणि कालव्याचं पाणी उताराच्या वाटेनं. कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या माळाला हरणबारी कितीही भरलं तरी ओल पोचत नाही. त्या रानाच्या वाट्याला फक्त त्याच्या स्वतःच्या डोक्यावर पडलेला पाऊस आहे.

तो पाऊसही वाटतो तितका थोडा नाही. १ मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होतं. वर्षाला ५०० मिलिमीटर पडला तर हेक्टरला ५० लाख लिटर. चौरस किलोमीटरच्या माळावर ५० कोटी लिटर. त्यातलं दहावा हिस्सा पाणी जरी भरावामागे थांबलं तरी ते पाच कोटी लिटर होतं. आमच्या गरिबीचं कारण पाऊस कमी आहे एवढंच असतं, तर काही करता आलं नसतं. कारण अर्धं असं आहे की तो दोन-चार दिवसांत येतो आणि त्याच दिवसांत जातो. लहान धरण पावसाचं प्रमाण वाढवत नाही. त्याचा मुक्काम वाढवतं.

या खोऱ्याला ही गोष्ट नवी नाही. मोसम, आरम, गिरणा आणि पलीकडची पांझरा या नद्यांवर काही शतकं फड पद्धत चालत आली. नदीवर ठेंगणा दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर ऊस, भुसार तर भुसार, आणि दर वर्षी पिकांची पाळी बदलायची. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे पाण्याचं सुख आणि तुटवडा दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येई. पाणी कोणाला कधी, हे पाटकरी ठरवी. हवालदार आणि जागल्या राखण करत. आणि ज्याचं रान त्यानं पाण्याला हात लावायचा नाही, हा दंडक होता. पाट साफ करायला घरटी माणूस येई. विहिरी वाढल्या, मोटा जाऊन पंप आले, नद्यांच्या माथ्याला मोठी धरणं झाली आणि फड मोडत गेले. मोडले ते दगडांचे बंधारे नव्हेत, त्यांच्यामागची वहिवाट मोडली. पाणी अडवण्याइतकंच ते कोणाच्या हुकमानं वाहणार हे ठरवणं अवघड असतं, आणि आमच्या पूर्वजांनी ते अवघड काम करून दाखवलं होतं.

पाझर तलावाखाली पाटकरी नसतो. इथे पाण्याची वाट जमीनच ठरवते. आमच्या बाजूचा कातळ काळा, थराथरांचा. वर मुरूम, त्याखाली सच्छिद्र मांजऱ्या, मग कठीण खडक, आणि त्यातल्या फटी. तलावाच्या तळातून उतरलेलं पाणी या मुरमातून आणि फटींतून मुंगीच्या पावलानं खाली सरकतं. भाद्रपदात ते धरणाच्या लगतच्या विहिरीत उमटतं, दिवाळीपर्यंत पुढच्या मळ्यांत पोचतं. सात-आठ परस खोल विहिरीच्या कडेला उभं राहिलं की कुठल्या बाजूचा झरा चालू आहे ते ऐकू येतं. धरणाकडच्या अंगाचा झरा सगळ्यांत शेवटी आटतो, हे इथला कोणीही शेतकरी सांगेल.

या सावकाश चालणाऱ्या पाण्यावर कांदा उभा असतो. उन्हाळ कांद्याची रोपं पावसाळा सरताना टाकतात, लागवड पौषाच्या थंडीत होते, आणि माघ-फाल्गुनात, जेव्हा गाठ भरते, तेव्हा त्याला शेवटची दोन-तीन पाणी हवी असतात. तीच मिळाली नाहीत तर कांदा गोट्यांएवढा राहतो. मिळाली तर चैत्रात तो काढून चाळीत भरता येतो, आणि मग नामपूरच्या नाही तर करंजाडच्या लिलावात ट्रॅक्टर उभा राहतो. बाजारात भाव काय निघेल ते शेतकऱ्याच्या हाती नाही. पण चाळीत माल आहे की नाही, हे श्रावणात भरावामागे थांबलेल्या पाण्यानं ठरवलेलं असतं. श्रावण ते चैत्र, आठ महिने ते पाणी जमिनीच्या आतून चालत आलेलं असतं. वाटेत त्याला उन्हाचा हात लागत नाही, कोणाचं बिल लागत नाही, आणि ते फक्त बांधावरच्या एका माणसाचं नसतं.

गेल्या काही वर्षांत माळावर नवी तळी दिसू लागली आहेत. चौकोनी, काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर असलेली, कडेला तारेचं कुंपण. डाळिंबाच्या बागा वाचवायला ती लोकांनी केली, सरकारनंही त्यांना हात दिला. तेल्यानं आणि मर रोगानं ज्यांच्या बागा गेल्या, ज्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवली, त्यांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. पण या तळ्यांतलं पुष्कळसं पाणी पावसाचं नसतं. ते विहिरीतून, बोअरमधून उपसून वर आणलेलं असतं. जमिनीच्या पोटात गार आणि झाकलेलं असलेलं सगळ्यांचं पाणी एका कुंपणात उघडं पडतं, आणि आमच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी वर्षाला दीड-दोन मीटरनं नुसती वाफ होऊन उतरते. मातीच्या धरणानं जे खाली घातलं ते आपण वर काढून उन्हाला देतो. एकानं तळं भरलं की शेजारी बोअर आणखी खोल नेतो, आणि मग सगळेच खोल जातात. ज्या गावात पाच-सहा भराव आहेत आणि तरी चैत्रात टँकर येतो, तिथे बहुतेक वेळा पाणी कमी अडलं म्हणून टँकर आलेला नसतो. जेवढं अडलं त्याहून जास्त उपसलं म्हणून आलेला असतो.

याचं उत्तरही महाराष्ट्रात शोधून झालेलं आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर टेकडीच्या पायथ्याशी पाझर तलाव बांधला आणि त्यातून पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं न वाटता माणसांच्या मापानं वाटायचं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही. आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०च्या दशकात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था बांधल्या. पुढे सगळ्या धरणाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांनी हाती घेतला, आणि कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला आधी पाणी देऊन दाखवलं. फडाची जुनी वहिवाट नव्या काळात नव्या नियमांनी उभी राहू शकते, याचा हा पुरावा नामपूरपासून फार लांबचा नाही.

पण वाटणीच्या आधी धरण टिकलं पाहिजे, आणि मातीच्या धरणाला टिकायला माणसांची नजर लागते. १२ जुलै १९६१ला पानशेतचं बांधकाम अपुरं असलेलं मातीचं धरण फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ते लहान होतं. खालच्या वाडीतली वीसच्या आसपास माणसं गेली. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. लहान धरण म्हणजे लहान धोका, असा हिशोब त्या रात्रीनंतर कोणी मांडू नये.

मातीचं धरण एका दिवसात फुटत नाही. त्याची सुरुवात फार साधी असते. भरावावर बाभळीचं रोप उगवतं आणि कोणी उपटत नाही; दहा वर्षांनी तिची मुळं गाभ्यात पोचतात, झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला बोगदा मिळतो. घुशी, उंदीर, खेकडे बिळं करतात. सांडव्याच्या तोंडाशी कोणी माती टाकून पाणी थोडं जास्त अडवतो, कोणी सांडव्यातच पीक घेतो. मोठा पूर आला की पाण्याला माथ्यावरूनच जावं लागतं. अस्तराचे दगड कोणाच्या घराच्या पायात जातात. भरावाच्या कडेचा मुरूम रस्त्याला जातो. मागच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर काळजी नाही. ते गढूळ झालं तर धरण आतून खचतंय, आणि ते तासाभरात सांगायला हवं. १०० हेक्टरांपर्यंतच्या लहान योजना जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठ्या दुसऱ्या खात्यांकडे. कागदावर प्रत्येक धरणाला मालक आहे. पण बीळ पहिल्यांदा दिसतं ते शेळ्या वळणाऱ्या पोराला, आणि त्यानं ते कोणाला सांगायचं हे गावानं ठरवलेलं नसतं.

दुसरा शत्रू गाळ. दर पुराबरोबर डोंगराची माती तलावात येऊन बसते. साठा घटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तळाची छिद्रं बुजतात. पाझरायला बांधलेला तलाव पाणी धरून उन्हात उभा राहतो आणि खालच्या विहिरी कोरड्या राहतात. २०१७मध्ये राज्यानं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, ती या दुखण्याचं औषध आहे. गाळ निघाला की तळ मोकळा होतो, आणि तोच गाळ मुरमाड रानात पडला की तिथे दाणा धरतो. मात्र गाळ तलावाच्या मधल्या भागातून काढावा. भरावाच्या पायथ्याशी यंत्र लावून खोदलं तर बांधाचाच आधार जातो, आणि गाळाच्या नावाखाली मुरूम विकला जात असेल तर गावानं तो थांबवावा.

म्हणून नामपूरच्या आणि सगळ्या कोरडवाहू गावांच्या लोकांना माझी विनंती आहे. मृग लागण्याआधी एक सकाळ आपल्या धरणाला द्या. सरपंच, ग्रामसेवक, धरणाखालचे विहीरवाले, शेळ्या वळणारी पोरं आणि ज्यांनी दुष्काळात माती वाहिली त्यांतली जी आजी अजून चालू शकते ती, सगळ्यांनी मिळून भरावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. बाभळी लहान असतानाच उपटा, मोठ्या असतील तर खात्याला विचारल्याशिवाय तोडू नका. सांडवा रिकामा करा. बिळं, खचलेली जागा, मागचा ओलावा वहीत लिहा, त्याचे फोटो काढा, अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत ठरवा की धरणाखाली नवी बोअर किती आणि कोणती पिकं किती. आपल्या आधीच्या पिढीनं उपाशीपोटी हे बांधलं. आपल्याला ते पोटभर जेवून फक्त सांभाळायचं आहे.